ग्रहणातला विळा

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, माफ करावं. माझ्या मुलीला जन्मापासून कमी दिसतं. पोटुशी असताना मी ग्रहणात विळ्याने भाजी चिरली, म्हणून असं झालं, हे सासूबाईंचं म्हणणं मीही खरं मानलं होतं.

बचत गटाचं कर्ज काढून नागपूरला तिचं रक्त तपासलं. लाजत लाजत मी विळ्याचं विचारलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या पडद्यातल्या मज्जापेशी कशा घडायच्या, ते जनुकं ठरवतात. हिला त्यातला दोष आई-बाप दोघांकडून आलाय. विळ्याचा संबंध नाही."

घरी हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे अर्धं माह्या पोराकडून आलं! मंग अर्धा हप्ता मी भरीन वं."

परवा आम्ही दोघींनी मिळून कर्ज पूर्ण फेडलं.