सुरी पोटात जायच्या आधी

शिवकांताताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या दातांत दोरा होता आणि दोऱ्यात माझी भुवई. अहमदपूरच्या कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि भुवया कोरून घ्यायला त्यांच्या पार्लरमध्ये गेले होते. तेवढ्यात पडद्यामागून कुणीतरी गरजलं, "मी एकदम राजाच्या पोटात सुरी खुपसतो!" मी खुर्चीतून उठायलाच निघाले. ताईंनी माझं कपाळ तळव्यानं दाबून धरलं, दोरा तोंडातून काढला आणि पडद्याकडं बघून म्हणाल्या, "थांबा. खुपसली न्हाई अजून. कुणाचा हात कुठं हाय ते सांगा आधी."

पडद्यामागे त्यांचे यजमान गुरुनाथआप्पा होते. बियाण्यांचं दुकान बंद ठेवून ते खेळायला बसले होते. समोर दातांचे डॉक्टर कदम. मुलगी राजश्री पुण्याहून शिकून येताना हा खेळ घेऊन आली होती. ती नोकरी शोधायला लागली आणि खेळ आईनं उचलला. ताई गोष्ट सांगायच्या, बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचे. जमलं की फसलं, ते वीस तोंडांचा फासा ठरवायचा. लढाईत प्रत्येकाची पाळी ठरलेली असे. पण तहाच्या पंगतीत कुणी एकदम सुरी काढली, तर पाळी कुणाची?

"मी त्यांचा हात धरतो!" डॉक्टर ओरडत होते.

"आधी मी बोललाव!" आप्पा.

"आधी बोलला त्याचं आधी, असं केलं तर लांब जिभेचंच राज्य व्हायचं," ताई म्हणाल्या. "अवो, सुरी कमरेतून निघायला येळ लागतो. डॉक्टर, तुम्ही यांच्याकडं बघत होता का?"

"न्हाई. पुलाव खात होतो."

"मग हात पुलावात. तेवढाच फेकता येईल."

दोघांनी फासे टाकले. डॉक्टरांचा मोठा पडला. पुलाव आप्पांच्या डोळ्यांत गेला, राजा वाचला, आणि आप्पांनी तो आठवडाभर घरी भाताला हात लावला नाही. ताईंनी शांतपणे माझी दुसरी भुवई केली. पुढच्या रविवारी मीही पडद्यामागे होते.

"दचकायचा हक्क सगळ्यांना हाय," असं त्या म्हणायच्या. ज्याला दिसलं त्याला एक संधी, ज्याला दिसलं नाही त्यानं दचकावं. यात नवराही सुटला नाही आणि गिऱ्हाईकही.

राजश्रीला बघायला उदगीरचे पाहुणे आले, तेव्हा डॉक्टर आणि मी घरचेच म्हणून हजर होतो. मुलाच्या मामांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताडकन उठले. "बिनसाखरेचा चहा! अपमान करायला बोलावलाव का? चला रे!" आप्पा त्यांच्या अंगावर धावले. डॉक्टरांनी दाराची कडी धरली. मुलाच्या आईनं पिशवी उचलली.

"थांबा!" ताईंचा तोच आवाज. "कुणी हलू नका. कुणाचा हात कुठं हाय?"

आश्चर्य म्हणजे पाहुणेसुद्धा जागच्या जागी थिजले.

"मामा, चपला कुठं हायत?"

"बाहेर," मामा अर्धवट वाकल्या अवस्थेत म्हणाले.

"म्हणजे जायला येळ हाय. अवो, तुमचा हात?"

"ह्यांच्या कॉलरकडं."

"पोचला?"

"न्हाई अजून."

"नवरदेव?"

"पोह्यात," मुलगा म्हणाला.

"राजश्री, तू कुणाकडं बघत होतीस?"

"मामांकडंच. उठणार हे मला दिसलं होतं."

"मग तुझं आधी."

राजश्रीनं ट्रे खाली ठेवला. "मामा, साखर मीच विसरले. आप्पांचा दोष न्हाई. आणि मला एवढ्यात लग्नच करायचं न्हाई, ते इथं कुणी विचारलंच न्हाई."

मामांनी चाचरत विचारलं, "आता मी काय करायचं?"

ताईंनी त्यांच्या तळहातावर फासा ठेवला. मामांनी तो टाकला. एक पडला, म्हणजे सपशेल फसलं. मामा मुकाट्यानं खाली बसले. सोयरीक जुळली नाही. पण त्यानंतर दर रविवारी मामा उदगीरहून एसटीनं खेळायला यायला लागले.

राजश्रीला नांदेडला नोकरी लागली. वर्षभरानं आप्पांनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि दोघं तिच्याकडं राहायला निघाली. निघायच्या दिवशी दुपारी शेवटचा खेळ झाला. गोष्टीत आम्ही नदीकाठी होतो. आप्पांनी एकदम नावेचा दोर कापला, ताईंनी मला विचारलं, मामांना विचारलं, आम्ही नावेत उड्या मारल्या, आणि नाव गेली. डॉक्टर त्या वेळी फोनवर एका दाढदुखीशी बोलत होते. ते काठावरच राहिले.

बसस्थानकावर गाडी हलली. आम्ही हात केले. एवढ्यात घंटीची दोरी दणादण वाजली, गाडी कचकन थांबली आणि ताई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या. मागे कंडक्टर दोरी सोडवायला धडपडत होता.

"डॉक्टर! तुमचं राहिलंच की! दोर कापताना बघत होता का तुम्ही?"

"हाव," डॉक्टर खिडकीखाली धावत येऊन म्हणाले. "फोन कानाला होता, पर बघत होतो."

"मग टाका!"

त्यांनी खिडकीतून फेकलेला फासा डॉक्टरांनी झेलला आणि डांबरावर टाकला. तो घरंगळत गाडीखाली गेला. अर्धी गाडी खिडक्यांतून वाकली. कंडक्टर ओरडत होता, "बाई, नांदेडला जायचंय का न्हाई?" पण आकडा कळल्याशिवाय ताई दोरी सोडेनात. शेवटी ड्रायव्हर वैतागून खाली उतरला आणि चाकापाशी उकिडवा बसला.

"सतरा हाय, ताई!"

"झालं तर!" ताईंनी दोरी सोडली. "डॉक्टर, नावेत आलाव तुम्ही."

गाडी गेली. डॉक्टर धुळीत उभे होते, आणि नावेत कुणीतरी जागा करून दिल्यासारखे जरा बाजूला सरकले.