वाळूतली विहीर

माझा थोरला भाऊ फौजेत होता. रस्ते, पूल, खंदक करणाऱ्या तुकडीत. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, तरी मुखेडजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी सावरल्या नव्हत्या. आमची विहीर सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल, आणि तळाला भेगाळलेला गाळ. घरात माय आणि मी, दोघीच. मी सातवी पास, म्हणून दादाची पत्रं वाचायचं काम माझ्याकडं.

रजा संपवून जाताना राजस्थानकडं चाललोय, एवढंच तो बोलला होता. थंडीत त्याचं पत्र आलं. तब्येत बरी आहे, इथं नुसती वाळू आहे, आणि आम्ही एक लई खोल विहीर खांदून राहिलो. त्यापुढच्या दोन ओळी कुणीतरी काळ्या शाईनं खोडल्या होत्या. मायला मी त्या ओळींबद्दल काही सांगितलं नाही. तिचं लक्ष विहिरीवरच अडकलं होतं. तिनं उलट पत्र लिहायला लावलं, की लोकांसाठी पाणी काढतोस, इथं तुझी माय घागरीसाठी दोन कोस चालते, रजा घेऊन ये. रजा बंद आहे, असं उत्तर आलं. होळीनंतर पत्रंही थांबली.

उन्हाळ्यात एके दिवशी पाणी घेऊन येताना गुरुजींच्या ओट्यापुढं माणसं जमलेली दिसली. शाळेच्या गुरुजींकडं ट्रान्झिस्टर होता. आपल्या देशानं राजस्थानच्या वाळवंटात, जमिनीखाली अणुस्फोट केल्याची बातमी चालू होती. गुरुजींनी दुकानातून बत्तासे मागवले. मी डोक्यावरची घागर न उतरवता तशीच उभी राहिले.

माणसं पांगल्यावर मी विचारलं, जमिनीखाली म्हणजे कसं. गुरुजी खुशीत होते. त्यांनी समजावून सांगितलं, की आधी हे बाँब उघड्यावर फोडायचे. त्याची राख वाऱ्यानं कुठल्या कुठं जायची. समुद्रातले मच्छीमार भाजले, लेकरांच्या दुधात विष उतरलं. मग मोठ्या देशांनी आपसात करार केला आणि खोल खड्डे घेऊन धरणीच्या पोटात फोडायला लागले. अमेरिका, रशिया वर्षानुवर्षं हेच करतायत. आता आपणही केलं.

"खड्डा म्हंजे विहिरीवानी?" मी विचारलं.

"विहिरीवानीच. पण लई खोल."

"अन् खाली माणसं असतेत का, फुटतं तव्हा?"

गुरुजी हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले आणि म्हणाले, "न्हाई बाई. माणसं वर काढूनच करतेत."

मी का विचारलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घरी आले तेव्हा माय शेणी थापत होती. गुरुजींनी दिलेला बत्तासा तिच्या हातावर ठेवला, तर कशाचा म्हणून तिनं पुसलं. देशानं काहीतरी मोठं केलं, एवढंच मी बोलले. ती पाठमोरी झाल्यावर मी दादाचं पत्र काढून विहिरीची ओळ पुन्हा वाचली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पोस्टमन गल्लीच्या तोंडाला दिसला की मी मायच्या आधी दारात जाऊन उभी राहायची. पत्र आलं तर काय असेल त्यात, आणि नाही आलं तर? बाजाराचं निमित्त करून मी एसटीनं मुखेडला गेले, पोस्टात चौकशी केली. तिथल्या माणसानं थैला उपसून बघितला. काही नव्हतं. गुरुजींच्या पेपरात कुणाला इजा झाली नाही असं छापलं होतं. ते मी दोनदा वाचून काढलं. पण खड्ड्यातला खोदणारा माणूस पेपरवाल्यांच्या हिशेबात धरला असेल का, हा विचार काही केल्या जाईना. मायला सांगावं तर तिनं त्याच पावली राजस्थानची वाट धरली असती.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ट्रंक खांद्यावर घेऊन दादा दारात उभा राहिला. मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मी घरामागं जाऊन भिंतीला टेकून बसले आणि रडून घेतलं.

जेवताना मायनं विचारलं, "लागलं का पाणी तुमच्या विहिरीला?"

दादाचा घास हातातच राहिला. "लागलं."

"मग?"

"सोडून दिली. दुसऱ्या जागी खांदली."

"पाणी लागलेली विहीर सोडून आलास?"

मायनं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि उठून गेली. लेक खोटं बोलतोय, नाहीतर बिघडलाय, असंच तिला वाटलं असणार. त्या रजेत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्यानंही खुलासा केला नाही. रोज पहाटे आमच्या विहिरीत उतरायचा, पहारीनं खडक फोडायचा, मी वरून टोपली ओढायची. सुरुंग लावणारा माणूस आपण होऊन आला, तेव्हा दादानं त्याला हात जोडून परत पाठवलं. रजा संपली तेव्हा तळाला घोटाभर ओल आली होती.

सात-आठ वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. फौजेतून सुटल्यावर दादा तिथल्या नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून लागला, मायला घेऊन भाड्याच्या खोलीत राहू लागला. माझं सासर लातूरचंच. एका रविवारी मी गेले असताना त्यानं आपण होऊन मायपुढं विषय काढला.

विहीर खांदायची एवढंच त्याच्या तुकडीला सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. पहिल्या खड्ड्यात पाणी लागलं तेव्हा पोरं तळात नाचली, तोंडं धुतली. वर साहेबाला कळवलं, तर तो डोकं धरून बसला. पंप लावले, उपसा केला, शेवटी ती जागा सोडायचा हुकूम आला. नवी जागा कोरडी ठणठणीत निघाली आणि साहेब खूश झाला.

"तव्हा समजलं माय, ही विहीर न्हाई. पण घरीसुद्धा बोलायचं न्हाई, असा हुकूम होता."

माय म्हणाली, "तुला भ्या वाटलं का?"

"खांदताना न्हाई. बाँब फुटला त्या दिवशी आम्ही लांब बसलो होतो. जमीन अशी उचलली, की खाली काय धरावं तेच कळंना."

माय सरकत त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा कचेरीत गेला. पाऊस पुन्हा दगा देत होता आणि कलेक्टर साहेबांच्या दालनाबाहेर टँकर मागायला आलेल्या गावांची रांग त्याला लावायची होती.