हाकेच्या दांड्यावर दोन दिवस

लोक विचारतात, हाकेच्या दांड्याला एकट्याने जावं का? अहो, तिथे दुकटं जातंय कोण! मी गेलो तो नव्वदच्या दशकात, माझी बायको मालती जाऊन सहा महिने झाल्यावर. तिथलं पाणी गेलेल्या माणसांच्या आवाजात हाका मारतं आणि वळून ‘ओ’ देणारा तसाच समुद्रात चालत जातो, हे पावणे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. घरात मालतीचे फोटो ढीगभर, पण आवाजाची एक कॅसेट नाही. एक दिवस लेथवर उभा असताना लक्षात आलं, तिचा आवाज मला आठवेनासा झालाय. घाबरलोच. तो एकदा ऐकायचा होता, बस. शेट म्हणाला, “जा सदा, पण परत येशील ना? अर्जंट ऑर्डर आहे.” माणुसकी नुसती ओसंडून वाहत होती!

मी राहायचो त्या नावड्याहून पहाटेच निघा. न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर अडकले की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. बंदर मागे टाकून मिठागरांच्या बांधावरून तासभर चालायचं, मग होडी. तेव्हा जायचे वीस रुपये होते. परतीचे आधी मागत नाहीत, का ते ओळखा.

दांडा म्हणजे समुद्रात घुसलेली मैलभर लांब जमिनीची जीभ. भरतीला दोन्हीकडून पाणी चढतं, ओहोटीला वाळू गुडघ्यापर्यंत पाय ओढते. वस्तीला तीन घरं. त्यातल्या एका घरात बायजामावशी पाहुण्यांना ठेवून घेते. भाकरी आणि सुकटाची चटणी, त्यापलीकडे काही मागू नका. दांड्यावर कोणी कोणाचं नाव घेत नाही. बोलवायचं असेल तर पत्र्याचा डबा वाजवतात.

मावशीने माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खांबाला. म्हणाली, “कोनी बी नावान हाक मारली तं मागं वलू नको. ते मानूस नाय, पानी हाय.”

पहिल्याच ओहोटीला आई आली. “सदूऽ, जेवायला ये रे!” पंचवीस वर्षांनी! मी मनगट चावून उभा राहिलो, रक्त येईस्तोवर. मग वडील आले, मग शाळेतला एक मित्र. मालती आली नाही.

संध्याकाळी मावशीने विचारलं, “बायको तुला काय म्हनायची?”

“अहो म्हणायची.”

“नाव?”

“नवऱ्याचं नाव कसं घेईल?”

मावशी चुलीत लाकूड सारत म्हणाली, “मंग कशी येल रं? पानी निस्तं नावानच बोलवतं. माजा मानूस याच पान्यात गेला. मला ‘अगो’ म्हनायचा. तीस वरसं ऐकतंय मी, हाक नाय आली.”

लग्नाला महिना झाला तेव्हा मालती म्हणाली होती, “घरात कोणी नाहीये, नावाने हाक मारू एकदा?” मी डाफरलो, नसता चावटपणा नको, सोसायटीत लोक ऐकतील. तिने त्याआधी एकदाच नाव घेतलं होतं, लग्नात घास भरवताना उखाण्यात. मित्र शिट्ट्या मारत होते आणि मीही दात काढत होतो. काय ऐकलं मी? काही नाही.

दुसऱ्या दिवशी तरी गेलो. मूर्खासारखा ओहोटी संपेपर्यंत उभा होतो. आईने पुन्हा दोनदा बोलावलं. शेवटी मीच ओरडलो, “मालतीऽ!” मावशीने घाबरून डबा बडवला आणि मला दोराने ओढून आणलं. पाणी गप्पच होतं.

घरी पोचून कुलूप काढत होतो, तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी विचारलं, “काय सदानंदभाऊ, दोन दिवस कुठे होतात?” किती सहज घेतलं त्यांनी नाव! मी आत गेलो, दार लावलं आणि हमसून हमसून रडलो.

तर, जायचं असेल तर जा. पायात बूट नकोत, प्यायचं पाणी सोबत घ्या. पण तुमचं माणूस अजून घरात असेल तर होडीचं नंतर बघू. आज तिला नावाने हाक मारायला सांगा. लाजेल, हसेल, वेडे आहात म्हणेल. तुम्ही मात्र गप्प बसून नीट ऐका.