आम्हांला हा आजार होत नाही म्हणे

"तुमले कसानं डिप्रेशन, मॅडम?"

मुख्याध्यापकांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं. नंदुरबारच्या दवाखान्यात जायला रजा हवी, म्हणून कारण मी त्यांना एकट्यांना सांगितलं होतं.

"तुम्हना लोके ढोल वाजाडतस, नाचतस. हाऊ आजार डोकं चालाडनारासना!"

डोकं चालवणाऱ्यांनाच होतो म्हणे. सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त लागलं.

मी पावरा आदिवासी. धडगावच्या वरच्या डोंगरातली. पहिलीपासून आश्रमशाळेत, मग वसतिगृहात, मग शहाद्याकडच्या या शाळेत शिक्षिका. खोली मिळायला वणवण झाली. आडनाव ऐकलं की घरमालकांचा कुणीतरी नातेवाईक अचानक राहायला यायचा. शाळेत माझ्या डब्यातली भाजी कुणी घेत नाही. तोंडावर कुणी काही बोलत नाही.

आणि मग ते आलं. रडू नाही, ताप नाही. नुसतं जड. कुकर उतरवायचा आणि भिंतीला टेकून बसायचं, जेवायचं नाही. शाळेत शिकवायचं, खोलीवर आलं की आवाज संपायचा. वर्ष गेलं, दुसरं गेलं. आईला वाटलं, नजर लागली. बाप बडव्याकडे, आमच्याकडच्या भगताकडे, घेऊन गेला. बडव्याने कोंबडा मागितला, दाणे टाकून पाहिले. गुण आला नाही. पण तिथे कुणी हसलं नाही.

रजा नामंजूर झाली. मी बिनपगारी गेले.

दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. प्रकाशा गावाकडची एक बाई सरकली. अंगावर सोनं, डोक्यावर पदर. हळूच म्हणाली, "घरमा सांगेल शे, शुगर दखाडाले जाई ऱ्हायनू." पलीकडे खांडबाऱ्याची एक बाई. ऊसतोडीला गुजरातला गेली, तिथे तिचं लेकरू गेलं, असं या बाईनेच सांगितलं. तेव्हापासून ती बोलतच नव्हती. नवरा पिऊन बाहेर झाडाखाली पडलेला. केवढी माणसं. आणि प्रत्येक जण एकटा.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभरात मनातलं कुणाशी बोलता?"

मला एकही नाव आठवेना.

"हा आजार खूप जणांना असतो," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात येत नाहीत, तेच जास्त."

"अपमानाने होतो का?"

"एकाच कारणाने होत नाही. पण रोजचा अपमान, त्यात एकटेपणा. माणूस खचतं."

मी गोळ्या घेऊन परतले.

काही आठवड्यांनी शाळेत पाहुणे येणार होते. मुख्याध्यापक पुन्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचा तो पोशाख घाला. नाचा जरा. मन बी हलकं व्हई."

मी उभी राहिले.

"होळीला मी माझ्या गावात नाचते, सर. तुमच्या पाहुण्यांसाठी नाही. आणि मला नैराश्य आहे. औषध चालू आहे. यात हसण्यासारखं काही नाही."

कुणी मान वर केली नाही. त्या दिवसापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

असू दे. मी पूर्ण बरी झालेले नाही. काही सकाळी अजून उठवत नाही. पण दर महिन्याला नंदुरबारची बस धरते. स्टँडवर ओळखीचं कुणी भेटतं, विचारतं, "कुठे, मॅडम?"

मी आजाराचं नाव घेऊन सांगते. आवाज खाली न आणता. यापुढेही तसंच सांगणार.