सोळा अंशांवरची संक्रांत

"अरुणाकाकूंनी नवऱ्याला बेडरूममधून हाकललंय," ही बातमी आमच्या ब्लॉकमध्ये मधुवंतीमावशीने आणली. बातमी सांगताना ती आधी पर्स छातीशी धरते, मग मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि मग आवाज इतका खाली, की लिफ्टमधल्या चिनी आजोबांनीही कान पुढे करावेत. "अगंऽ, श्रीनिवासराव सोफ्यावर झोपतात! बाई आत एकट्या. एसी सोळावर. दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. घरात नवी सून, आणि या वयात हे!"

सोफा खरा होता, सोळा खरे होते, टॉवेलही खरा. भांडण मात्र नव्हतं. अरुणाकाकू आत हिवाळा तयार करत होत्या.

काकू आमच्या शेजारच्या. विषुववृत्ताला खेटलेल्या या बेटावर, क्वीन्सटाउनला बाराव्या मजल्यावर एकवीस वर्षं. काका बँकेत, काकू लायब्ररीत. त्यांच्या सारंगदादाचं लग्न डिसेंबरात पुण्यात झालं, म्हणजे २००७ची संक्रांत ही ऋचावहिनीची पहिली. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, आणि पहिली संक्रांत काही दुसऱ्यांदा येत नाही. पुण्याहून तयार दागिने आणले होते. पण इथे तीन आठवडे पाऊस. कपाटातल्या कपाटात हार, बांगड्या, बाजूबंद सगळं पाझरून एकच गोळा झाला.

विहीणबाई फोनवर मधात बुडवून बोलतात. "राहू द्या होऽ, तिथल्या हवेत कुठला हलवा टिकायला! मी रविवारी येतेच आहे, मोत्यांचे घेऊन येते."

"हलव्याचेच होतील," काकू म्हणाल्या. "तुम्ही फक्त या."

फोन ठेवल्यावर काकांनी हळूच विचारलं, "अगं, पण तुला येतो का करता?"

"आई करायची ते बघितलंय."

बघितलेलं असं: परातीत खसखस घ्यायची, खाली मंद आच, आणि साखरेचा पाक चमचा चमचा टाकत बोटांनी फिरवत राहायचं. दिवसचे दिवस. हवा कोरडी आणि गार असली तर दाण्यांवर काटा येतो. नसली तर चिखल. पहिला घाणा स्वयंपाकघरात केला, त्याची चिक्की झाली. दुसरा पिवळा पडला. तेव्हा काकूंनी मुक्काम बेडरूममध्ये हलवला. निखाऱ्यांच्या जागी राइस कुकर 'वॉर्म'वर, त्यावर पितळी परात, अंगात स्वेटर.

मी शाळेतून आले की बघायला जायचे.

"आत ये. दार लाव. श्वास हळू सोड."

"श्वास?"

"श्वासात पाणी असतं, बाई."

गुरुवारी काटा दिसला. मांजराच्या जिभेसारखा, बारीक. काकूंच्या तीन बोटांना बँडएड होतं, पण चेहरा असा, जणू 'झाला हलवा' म्हणून विहीणबाईंना फोनही करून ठेवलाय.

शुक्रवारी साडेतीनला एसी खोकला आणि परातीत पांढरं काहीतरी पडलं.

"काकू, स्नो!" मी ओरडले.

खरंच बर्फ होता. आठवडाभर सोळावर चालून एसीच्या पोटात गोठलेला, आता कपचे उडत होते. जिथे कपचा पडे तिथले दाणे टकले.

काकू ओरडल्या नाहीत. "छत्री," एवढंच म्हणाल्या.

ऋचावहिनी धावली. काकांची ऑफिसची काळी छत्री बेडरूममध्ये उघडली, आणि तिच्याखाली काकू डाव्या हाताने परात धरून उजव्याने फिरवतच होत्या. मग बर्फाऐवजी धारच लागली. एसी बंद करावा लागला. पाच मिनिटांत खिडकीवर वाफ धरली.

"चिकटायला लागलं," काकू बोटांनी चाचपत म्हणाल्या. "इरा, तुझ्या खोलीत एसी आहे ना?"

आमचं दार अकरा पावलांवर, पण कॉरिडॉर एका बाजूने उघडा आणि पाऊस आडवा. परात झाकली तर आत घाम धरणार. मी कुकर घेतला, वहिनीने छत्री ढालीसारखी धरली, मध्ये काकू. सहाव्या पावलावर वाऱ्याने छत्री उलटी केली. काकू जागच्या जागी थिजल्या. महिनाभर "हो आई, नाही आई" यापलीकडे न गेलेली ऋचावहिनी पावसाकडे पाठ करून परातीवर वाकली आणि खेकसली, "आई, चला! थांबू नका!"

पोचलो. मी एसी लावला. परातीत बघितलं तर दाणे गुळगुळीत, एकमेकांना बिलगलेले.

"फिनिश्ड ला, काकू," मी शाळेतल्या इथल्या इंग्रजीत म्हणाले. "संपलं. आता पेढे वळा."

"पैज? सहापर्यंत काटा आला, तर रविवारी ही परात तू घासायचीस."

"आणि नाही आला तर?"

काकूंनी वहिनीच्या निथळणाऱ्या वेणीकडे बघितलं. "तर मी पुण्याला फोन करते. मोत्यांचे आणा म्हणून."

एक चमचा पाक. काही नाही. दुसरा. काही नाही. काकूंनी बँडएड काढून टाकलं, म्हणे बोटाला कळत नाही. तिसरा, चौथा. पाच वाजले. साडेपाच. खोलीत फक्त सरसर, सरसर. माझे दात वाजत होते, पण बाहेर जायला दार उघडायची हिंमत नव्हती.

सहाला दहा कमी असताना वहिनीने एक दाणा तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला.

"आई," ती म्हणाली, "टोचतोय."

शनिवारी दोघींनी मिळून ओवलं. रविवारी वहिनी काळ्या साडीत पाटावर बसली, एसी अठरावर, आणि विहीणबाईंनी हाराला एका बोटाने हात लावून विचारलं, "हे... इथे केलंत?" काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी स्वयंपाकघरात परातीशी झगडत होते. साखरेचं सिमेंट झालेलं. तीनदा कढत पाणी ओतलं, उलथन्याने खरवडलं, नखं गेली.

काकू दारातून डोकावल्या.

"कडा राहिल्यात," म्हणाल्या.