मुंबई ते दिल्ली, दिवेलागणीच्या आत

नकाशामागच्या कापडाचा जुनाट वास आला, की मला मोताळ्याजवळची आमची शाळा आणि भूगोलाचे गुरुजी आठवतात. एका दुपारी शेजारच्या काकू वर्गाच्या दाराशी आल्या. त्यांचा मुलगा त्या दिवशी प्रथमच विमानाने मुंबईहून दिल्लीला जात होता. प्रवासी मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचे नाही, आणि दिवेलागणीनंतरही झाडायचे नाही, असा आमच्याकडचा रिवाज. “गुरुजी, बाराले निघालं इमान, कवा पोचन? पोरगा काल घरून निघाला तवापासून झाडलं नाई. शेजारीन म्हन्ते, इतकी माती साचली, घरात आता कापसाची पराटी पेर,” काकू म्हणाल्या. वर्ग हसला, गुरुजी हसले नाहीत. त्यांनी नकाशावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, तो प्रमाणपट्टीवर मोजला आणि विमानाच्या वेगाने भागून सांगितले, “सुमारे अडीच तास. पण उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता या दोऱ्यात आलेला नाही, त्याचा वेळ निराळा धरू. पाच वाजता निर्धास्तपणे झाडा.” काकूंनी पदराने कपाळ पुसले. “चुकनार तं नाई ना, गुरुजी?” “शाळा सुटल्यावर मी तुमच्या ओट्यावर येऊन बसतो,” ते म्हणाले, आणि पाच वाजेपर्यंत खरोखरच बसले. पुढे मीही भूगोल शिकवला. आजही कुणी दोन शहरांतले अंतर विचारले, तर मी आधी विचारतो, कोण निघाले आहे?