पोह्यांच्या गिरणीवरच्या बाई

बाईंच्या क्लासमध्ये उत्तर येणाऱ्याने हात वर करायचा नसे. फळ्यावर गणित मांडून झालं की बाई वळायच्या आणि विचारायच्या, "कुणाला येत नाही?" पहिले काही दिवस सगळेच लाजून गप्प. मग कुणीतरी धीर करून उभा राहायचा आणि बाई त्याच्या हातात खडू द्यायच्या. हुशार मंडळींनी फार चुळबुळ केली तर म्हणायच्या, "तुम्हाला येतं ना? मग बसा. येतं त्याला मी कशाला हवी?"

पेणमध्ये पोह्यांच्या गिरणीच्या माडीवर, दोन खोल्यांत, अकरावी-बारावी सायन्सचा हा क्लास भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की वर बाकं थरथरायची आणि बाईंचा आवाज चढायचा. बाईंचे यजमान रोह्याच्या एका कंपनीत होते. बाई स्वतः एम.एस्सी. खाडीकाठची पोरं दहावी झाली की मिठागरात नाहीतर कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहतात, हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी क्लास काढला. या पोरांना इंजिनियरिंगच्या, मेडिकलच्या कॉलेजापर्यंत पोचवायचं आणि दारात आलेलं पोर परत पाठवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. दहावीचे माझे गणितातले मार्क चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. बाईंनी ते विचारलेच नाहीत. "गाव कुठलं?" एवढंच विचारलं. हमरापूर म्हटल्यावर माझं नावच हमरापूर पडलं. आमच्यात एक जिते होता, एक वडखळ होता, आणि वडखळला डुलक्या यायच्या.

आम्हा हमरापूरवाल्यांची एक अडचण होती. घराघरांत गणपतीचे कारखाने. पावसाळा लागला की शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे रंगाला बसणार, क्लास बुडणार. दुसरा कुणी असता तर पालकांना बोलावून झापलं असतं. बाई एका दुपारी स्वतःच आमच्या कारखान्यात आल्या, मूर्तींच्या रांगेत पोतं अंथरून बसल्या आणि त्रिकोणमिती सुरू केली. आमचे बाबा म्हणाले, "शिकवा की बाई. पन ब्रश थांबायचा नाय." बाई म्हणाल्या, "थांबवू नकाच. मी कानाला शिकवते." माझी धाकटी बहीण उज्ज्वला तेव्हा पितांबराला पिवळा रंग देत होती. माझ्याआधी उत्तर तिनंच दिलं. बाईंनी तिला हमरापूर धाकटी म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. कंपनीच्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून काम करायचं हे खूळ उज्ज्वलाच्या डोक्यात बाईंनीच भरलं.

पुढं मला बारावीला गणितात असे मार्क मिळाले की शेजाऱ्यांना ते छपाईची चूक वाटले. मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. क्लासचा हिशेब आणि व्यवस्था बाईंचे दीर बघत. त्यांनी माझा फोटो मोठा करून माडीवरच्या भिंतीला लावला, तोच रोह्याच्या स्टँडसमोरही लावला. कोलाडपर्यंतचे पालक चौकशीला येऊ लागले. वर्षभरात रोह्याला दुसरी शाखा निघाली. कंपनीतल्या साहेबांची मुलं तिथं आली. इंग्रजी शाळांतली, नीटनेटकी, सगळं येणारी. पेणलाही गर्दी वाढली, दोन्हीकडं बाकं पुरेनात. दीर म्हणाले, "वहिनी, प्रवेश परीक्षा घेतल्याशिवाय आता निभत नाही." बाई बरेच दिवस नाही म्हणत होत्या. शेवटी एका अटीवर तयार झाल्या, की पेपर त्या काढतील आणि त्याच तपासतील. आपल्या हातून कुणावर अन्याय होणार नाही अशी त्यांची खात्री होती. पेपरवर नाव नको, गावही नको, नुसता नंबर, हेही त्यांचंच.

त्या परीक्षेत उज्ज्वला नापास झाली. पेपर तपासून, यादी लागून गेल्यावर बाईंना कळलं की तो नंबर हमरापूर धाकटीचा होता.

त्याच दिवशी बाई आमच्या घरी आल्या. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो, हे सगळं मला आईनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "परीक्षा गेली चुलीत. मी हिला घेते." बाबांनी हात जोडले. "नको बाई. आनखी पोरं राहिली ना भायेर? त्यांच्या आयांनी तुमच्याकडं बोट दाखवावं, असं आमच्यापायी नाय व्हायचं." त्यांना वाटलं, आपण बाईंची अब्रू राखतोय. बाईंना वाटलं, बापाचा मान राखावा. दोघंही एकमेकांना इतकं जपत बोलले की पोरगी मध्येच राहून गेली. ती ब्रश घेऊन उठली आणि मूर्तींपाशी जाऊन बसली. तिनं कॉलेजात नाव घातलंच नाही.

मी गणपतीच्या सुट्टीला आलो तेव्हा तिनं भांडण काढलं नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "दादा, परीक्षेला मला तुझ्या फोटोखालीच बसवलं व्हतं. आडलं की वर बघायची."

माझं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. अभ्यास केला, पास झालो. पण माझ्या मार्कांनीच तो क्लास वाढवला आणि माझ्याच बहिणीला तिथं जागा उरली नाही. मला अपराधी वाटतं आणि त्याला इलाज नाही. क्लासची आज तीन मजली इमारत आहे. बाई मात्र पुढच्याच वर्षी त्यातून बाहेर पडल्या आणि यजमानांची बदली झाली तशा जिल्ह्यातूनही गेल्या. मला त्या आठवतात त्या उज्ज्वला नापास झाली त्या वर्षीच्या गणपतीतल्या.

दरवर्षी बाई मूर्ती आमच्याकडूनच न्यायच्या. त्या वर्षी आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बाबांना हळूच म्हणाल्या, "उज्ज्वलानं डोळे आखले नसतील अशी एखादी द्याल का?"

बाबा गोंधळले. "बाई, औंदा सगळे डोळे तिनंच आखले. घरीच हाय ना ती."

आत रांगेनं गणपती बसले होते आणि सगळे दाराकडे बघत होते. उज्ज्वलानं एक लहान मूर्ती उचलली, तोंडावर रुमाल झाकला आणि माझ्या हातात दिली. "बाईंच्या घरी पोचव दादा. नीट ने." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रिक्षात मूर्ती माझ्या मांडीवर होती. पेण आलं तेव्हा बाईंनी विचारलं, "तू बघितलास तो पेपर?"

"बघितला."

"तुला जमला असता? अकरावीला आलास तेव्हा?"

"नाही बाई."

"मलाही आता तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. "तपासताना एकदाही मनात आलं नाही."

घरी यजमान शिफ्टला गेले होते. मी मूर्ती पाटावर ठेवली आणि सवयीनं रुमालाला हात घातला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. तू जा आता," त्या म्हणाल्या. "तू गेलास की काढते."